हात उभे धरून

माझ्या टेबलावरचा कीबोर्ड उभा आहे. भिंतीला टेकवून ठेवलाय असं नव्हे. मधोमध कापल्यासारखे त्याचे दोन तुकडे आहेत आणि दोन्ही तुकडे लोखंडी स्टँडवर कडेनं उभे केलेत. डाव्या तुकड्यावरची बटणं डावीकडे तोंड करून, उजव्यावरची उजवीकडे. मी दोन्ही हात बाहेरून आणते, तळहात समोरासमोर येतात, मध्ये ते दोन तुकडे, आणि टायपिंग सुरू. बसल्या जागेवरून मला एकही अक्षर दिसत नाही. दिसतात त्या तुकड्यांच्या नुसत्या कडा आणि मधली मोकळी जागा.

कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी फडकं हातात धरूनच विचारलं, "ताई, हे मोडलं का हो?" शेजारचे काका चहाला आले होते, ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एनॉक डॅनियल्सच झालात की!" पुण्यात ज्यांनी जुने ऑर्केस्ट्रे ऐकलेत त्यांना अ‍ॅकॉर्डियन म्हटलं की हेच नाव आठवतं. काकांची उपमा बरोबर होती. फक्त भाता नाही आणि सूरही नाहीत.

मी अनुवाद करते. इंग्रजीतून मराठीत. कादंबऱ्या नव्हे. औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, विम्याचे नियम, बँकांचे अर्ज, कारखान्यात भिंतीवर लावायच्या सुरक्षिततेच्या सूचना. हे काम शब्दांवर मोजलं जातं, त्यामुळे हात थांबला की पैसेही थांबतात. टायपिंग मी साताऱ्याला शिकले, लोखंडी मशीनवर. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० आणि मग ४० शब्दांची परीक्षा दिली. आमचे सर मनगट मशीनच्या कडेला टेकलेलं दिसलं की मागून येऊन पट्टीनं वर उचलायचे. त्या वेळी तो छळ वाटायचा.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यापाशी, आधी नुसती चुणचुण होती. मग चहाचं भांडं सांडशीनं उचलताना कळ थेट मनगटापर्यंत जायला लागली. डब्याचं झाकण फिरवता येईना. रात्री कूस बदलताना हात दुसऱ्या हातानं उचलून ठेवावा लागे. मलमं झाली, पट्टा झाला, शेकणं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या आणि मिनिटभर तसंच धरायला सांगितलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येतात का ते त्यांना बघायचं होतं. मनगटात हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद वाट जाते. तिच्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस. त्या नसेवर दाब आला की तो कार्पल टनेलचा आजार. मला मुंग्या आल्या नाहीत. नस ठीक होती. तक्रार स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांची होती. टेनिसची रॅकेट जन्मात हातात न धरता मला टेनिस एल्बो झाला होता.

डॉक्टरांनी मला फिजिओकडे पाठवलं. ती माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मला आधी काहीच विचारलं नाही. "काकू, टाइप करायला बसता तशा बसा," म्हणाली. मी तिच्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. "आता हात सैल सोडा, मांडीवर पडू देत." मी सोडले. "बघा कसे पडले?" हात मांडीवर पालथे पडले नव्हते. करंगळीच्या कडेवर टेकले होते, अंगठे वर, तळहात एकमेकांकडे. टाळी वाजवण्याआधी असतात तसे.

मग तिनं भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रावर दाखवलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. तळहात समोरासमोर असताना ती एकमेकांशेजारी राहतात. हात पालथा घातला की अंगठ्याच्या बाजूचं रेडियस अल्नावरून आडवं जातं, दोघांची फुली होते. ती फुली टिकवून धरायला स्नायूंना काम करावं लागतं. शिवाय साधा कीबोर्ड अरुंद, आपले खांदे रुंद. म्हणून हात मध्ये आणावे लागतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला बाहेर वळतात. त्यात कीबोर्डाच्या मागचे पाय उघडून ठेवले असतील, जे सगळेच उघडतात, तर मनगट वरच्या बाजूलाही मोडतं. म्हणजे हाताला एकाच वेळी तीन मुरडी, आणि त्या तशाच ठेवून दिवसभर बोटं चालवायची.

तिनं व्यायाम दिले. घरची चौकशीही केली, आणि ती मला फार आवडली, कारण डॉक्टरांनी ती केली नव्हती. कणीक किती मळता, कपडे हातानं पिळता का, पोळपाट ओट्यावर असतो की खाली बसून लाटता. ओला टॉवेल पिळणं हे या दुखण्याला सगळ्यांत वाईट, असं ती म्हणाली. मला ते कोपरानं आधीच सांगितलं होतं.

कीबोर्डाचा शोध मी स्वतः घेतला. हात दुखत होता, काम निम्म्यावर आलं होतं, रात्री झोप नव्हती, तेव्हा वाचायला वेळ भरपूर होता. तेव्हा कळलं की ही कटकट जुनी आहे. अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या ख्रिस्तोफर शोल्सनं टाइपरायटर घडवला आणि रेमिंग्टन कंपनीनं १८७४ साली तो बाजारात आणला. त्याच्या प्रत्येक बटणाखालून एक तरफ निघायची. तरफा एकमेकींना आपटू नयेत म्हणून बटणांच्या ओळी थोड्या थोड्या सरकवलेल्या होत्या. आज तरफा नाहीत, पण ओळी अजून तशाच तिरक्या आहेत. डाव्या हाताला हा तिरकेपणा जास्त जाचतो, कारण बटणं त्याच्या कलाच्या उलट दिशेनं सरकलेली असतात. १९२६ साली जर्मनीत क्लोकेनबर्ग नावाच्या माणसानं लिहून ठेवलं होतं की बटणांचे दोन गट करा, दोन हातांसाठी दोन. पुढे कार्ल क्रोमर या संशोधकानं दोन्ही गट उताराच्या छपरासारखे तिरके करून माणसांना त्यावर टाइप करायला लावलं, आणि त्याचे निष्कर्ष १९७२ साली छापले. इंग्लंडात लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी खोलगट वाट्यांचा माल्ट्रॉन केला. लिलियन माल्ट टायपिंग शिकवायच्या, हे वाचून मला आमचे सर आठवले. मायक्रोसॉफ्टचा कमानीसारखा वळलेला कीबोर्ड आला तो १९९४ मध्ये, आणि मग ही कल्पना सामान्य कचेऱ्यांपर्यंत पोचली.

पण यातले बहुतेक कीबोर्ड मनगटाचं बाहेर वळणं कमी करतात. हाडांची फुली फार तर अर्धी सुटते. पूर्ण सोडवायची तर बटणं उभीच करावी लागतात. अमेरिकेत सेफटाइप नावाचा असा एक सरळ उभा कीबोर्ड निघाला. त्याला दोन्ही बाजूंना गाडीला असतात तसे आरसे लावलेले होते, मान न वळवता बाजूची बटणं दिसावीत म्हणून. मला ते चित्र पाहून हसू आलं. नंतर आरशांची किंमत कळली.

माझा कीबोर्ड त्यातला नाही. माझे दोन सुटे तुकडे आहेत आणि त्यांचा कोन बदलता येतो: जवळजवळ आडव्यापासून काटकोनापर्यंत. इथल्या दुकानात मिळाला नाही. भाच्यानं न्यू जर्सीहून येताना बॅगेत आणला. किंमत ऐकून आई म्हणाली, "अगं, एवढ्या पैशांत टायपिंगला एक बाई ठेव की."

खोकं उघडल्यावर पहिली अडचण आली ती उंचीची, आणि याबद्दल कुणीच सांगत नाही. आडवा कीबोर्ड टेबलापासून जेमतेम बोटभर उंच असतो. उभा केला की तर्जनी टेबलापासून वीतभर वर जाते. आपल्याकडची टेबलं आधीच उंच. मी साध्या खुर्चीत बसले तर हात छातीशी आले आणि खांदे कानांकडे चढले. कोपर सुटलं, मान धरली. म्हणून खुर्ची वर घेतली. मग पाय जमिनीला टेकेनात. जेवणाच्या खोलीतला पाट आणून पायांखाली घेतला. तो पाट आजही तिथंच आहे, आणि सणाला एक पाट कमी पडतो. खुर्चीला हात असणं फार गरजेचं. कोपर टेकलेलं नसेल तर उभे हात स्वतःच्या वजनानंच थकतात. पालथ्या हाताला निदान टेबल तरी असतं.

दुसरी अडचण डोळ्यांची. मला वाटायचं, परीक्षा दिलेली मी, खाली न बघता टाइप करणारी. अक्षरांच्या बाबतीत ते खरंच होतं. पण आकड्यांच्या वेळी, चिन्हांच्या वेळी, फोन घेऊन परत आल्यावर हात ठेवताना, नजर क्षणभर खाली जातेच. इथं खाली गेली तर तिला काही सापडत नाही. बघायचं तर कमरेतून वाकून तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला डोकं न्यावं लागतं. तर्जनीखालच्या दोन बटणांवर जे छोटे उंचवटे असतात, ज्यांच्याकडे मी इतकी वर्षं लक्ष दिलं नव्हतं, तेच आता घरी परतायची खूण झाले. पासवर्ड टाकणं सगळ्यांत अवघड. अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात आणि बटणंही दिसत नाहीत. बँकेच्या साइटनं दोनदा मला बाहेर काढलं. शेवटी पासवर्डासाठी जुना कीबोर्ड ड्रॉवरमध्ये ठेवला.

देवनागरीचे स्टिकर मात्र वाचले. ते लावून उपयोग काय, दिसणार कुणाला?

तिसरी अडचण 'व' या अक्षराची. मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. लोखंडी मशीनवर रेमिंग्टनची मांडणी शिकले होते, पण युनिकोडचं काम सुरू झालं तेव्हा बदलली. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी बी च्या बटणावर व असतो. साध्या कीबोर्डावर ते बटण बरोबर मध्ये येतं आणि माझी उजवी तर्जनी ते कधीपासून आपलं समजून बसली होती. तुकडे झाल्यावर बी गेला डाव्या तुकड्यात. उजवी तर्जनी व मारायला जायची आणि हवेत जायची. तिथं काहीच नसतं. 'वाचक' लिहिलं की 'ाचक' उमटायचं. 'विश्वास' या शब्दात दोन व, तो तर दोन्हीकडून ढासळायचा. विम्याच्या कागदपत्रांत विश्वास हा शब्द किती वेळा येतो ते मला त्या आठवड्यात कळलं. आकड्यांतल्या सहाचंही तसंच. तो माझ्या कीबोर्डात डावीकडे आहे, आणि शिफ्टबरोबर तोच त्र. पत्र, मात्र, रात्र, सगळे अडले.

वेग इतका पडला की ग्राहकांना मुदत वाढवून मागावी लागली. एकानं दिली, एकानं नाही. चिडचिड व्हायची. दुपारी कंटाळून आडवा कीबोर्ड जोडायचा, तासाभरानं कोपर कण्हायला लागलं की पुन्हा उभा. असं बरेच दिवस चाललं. नंतर एका सकाळी औषधाच्या चिठ्ठीचं एक पान संपलं तेव्हा लक्षात आलं की व कुठं आहे हा विचार मी केलाच नव्हता.

आणि मग एक मजेची गोष्ट कळली, जी आडव्या कीबोर्डावर इतकी वर्षं टाइप करूनही मला जाणवली नव्हती. इनस्क्रिप्टची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली प्रमाण केली, आणि भारतीय मानक ब्यूरोनं भारतीय लिप्यांच्या संगणकी संकेतांच्या, म्हणजे इस्कीच्या, १९९१ च्या मानकात ती घेतली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला दिल्यात, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. खालच्या ओळीतले म, न, व तेवढे डावीकडे. दोन्ही हात एकाच पट्टीवर असताना ही वाटणी नुसती माहीत असते. हात एकमेकांपासून दूर, दोन वेगळ्या वस्तूंवर गेले की ती अंगात जाणवते. 'मराठी' हा शब्दच घ्या. म डावा, र उजवा, काना डावा, ठ उजवा, वेलांटी डावी. एकेक ठोका या हातातून त्या हातात जातो. 'पुस्तक' लिहिताना प उजवीकडे, उकार डावीकडे, स उजवीकडे, पाय मोडायला पुन्हा डावीकडे, मग त आणि क उजवीकडे. पाय मोडायचं बटण डाव्या मधल्या बोटाखाली येतं, त्यामुळे मराठीत जोडाक्षर आलं की डावा हात मध्ये पडणारच.

काही शब्द मात्र एकाच हाताच्या वाट्याला येतात. 'कपट' पूर्ण उजव्या हाताचं. 'विमान', 'नमुना', 'मानव' पूर्ण डाव्या हाताचे. 'आणि' सुद्धा डाव्याच हाताचा, उजव्या करंगळीनं फक्त शिफ्ट दाबून धरायची. मराठीत 'आणि' किती येतं! उभा कीबोर्ड घेतल्यावर माझा डावा हात पहिल्यांदा थकायला लागला, कारण इतके दिवस त्याच्या कामातलं व सारखं थोडंबहुत उजवा हात परस्पर करून टाकत होता. कोपर दुखायचं ते उजवं, आणि कामाचा भार डाव्यावर. हे मी फिजिओला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, मग चांगलंच आहे ना." मला तितकंसं चांगलं वाटलं नव्हतं.

शिफ्टचाही प्रश्न आहे. इनस्क्रिप्टमध्ये क आणि ख एकाच बटणावर, त आणि थ एकावर, द आणि ध एकावर. दुसरं हवं तर शिफ्ट. अ, आ, इ ही सुटी अक्षरंही शिफ्टनंच. म्हणजे मराठी टाइप करणाऱ्याच्या करंगळ्या इंग्रजीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त राबतात. हे असले कीबोर्ड घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी असतं, आणि इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला एकदा लागते. उभ्या कीबोर्डात करंगळी सगळ्यांत खाली, टेबलाजवळ येते आणि शिफ्ट तिच्याही खाली. हाताची कड गादीवर टेकलेली असल्यामुळे करंगळीला तिथं फारशी हालचाल उरत नाही. मी शेवटी डाव्या अंगठ्याजवळचं एक रिकामं बटण शिफ्टला जोडून घेतलं. अंगठा नुसता स्पेस देत बसलेला असतो, त्याला काम मिळालं. हा बदल मला उभेपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मधल्या मोकळ्या जागेचं सुख मला अपेक्षित नव्हतं. दोन तुकड्यांच्या मध्ये मूळ इंग्रजी कागदाचा छोटा स्टँड बसतो. पूर्वी कागद डावीकडे असायचा आणि मान दिवसभर डावीकडे. आता कागद, पडदा आणि नाक एका रेषेत. सीलबंद औषधांच्या त्या घडीच्या चिठ्ठ्या, ज्यांतला टाइप मुंगीएवढा असतो, त्या मध्येच क्लिपला लावते. माउसही कधी कधी तिथंच ठेवते. तोही उभ्या धाटणीचा घ्यावा लागला, कारण पालथ्या हाताच्या माउसवर हात नेला की हाडांची ती फुली पुन्हा पडते आणि केलेलं सगळं फुकट.

जे नीट झालं नाही तेही सांगते. पूर्ण काटकोनात मी फार काळ टिकले नाही. बटण दाबायचा जोर आडवा जातो, दोन्ही बाजूंनी आत, आणि त्या जोरानं तुकडे हलतात. मला जड हातानं टाइप करायची सवय, लोखंडी मशीनची देणगी. प्रत्येक ठोक्याला स्टँड किंचित डुलायचा. खाली रबराची चटई घातली, थोडा फरक पडला. शिवाय पूर्ण उभ्या हातात मनगट टेकायला जागा उरत नाही, हात कडेवर तरंगत राहतो आणि संध्याकाळी खांद्याच्या मागे गाठ येते. कोन थोडा थोडा कमी करत गेले. आता तुकडे साठेक अंशांवर आहेत. मागे झुकलेले, पण उभेच म्हणायचे. हाडांची फुली बरीचशी सुटते आणि हातालाही टेकू मिळतो. फिजिओला विचारलं, हा कोन बरोबर का. ती म्हणाली, ज्या कोनात तुम्ही विसरून जाता की हात कसा आहे, तो.

आता मूळ प्रश्न: दुखणं गेलं का? कमी झालं. चहाचं भांडं उचलता येतं. टॉवेल पिळायला मी अजून दुसऱ्याला सांगते. पण याचं श्रेय कीबोर्डाला किती द्यावं याबद्दल मी सावध आहे. त्याच काळात व्यायाम चालू होते, काम कमी घेतलं होतं, कणीक मळायला यंत्र आलं होतं. आणि संशोधनही फार ठाम बोलत नाही. १९९९ साली अमेरिकेत हात दुखणाऱ्या ८० जणांना सहा महिने वेगवेगळे कीबोर्ड देऊन पाहिलं होतं, त्यांतल्या एका गटाला तुलनेसाठी साधाच. वळलेल्या कीबोर्डावर काम करणाऱ्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं. पण डॉक्टरी तपासणीत तसा फरक आढळला नाही. कार्पल टनेलवरच्या अशा उपकरणांबद्दलचे अभ्यास २०१२ मध्ये एकत्र करून तपासले गेले, तेव्हाही पुरावा अपुरा ठरला. मला हे वाचून कीबोर्ड परत द्यावासा वाटला नाही. दुखणं कमी होणं हीच माझी तपासणी.

मला जास्त पटला तो एक फार जुना माणूस. बर्नार्डिनो रामाझिनी, इटलीतला वैद्य. कामधंद्यामुळे जडणाऱ्या आजारांवर त्यानं १७०० साली पुस्तक काढलं, आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांबद्दल प्रकरण घातलं. दिवसभर बोरूनं लिहिणाऱ्या कारकुनांना आजार का जडतात याची त्यानं तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकसारखी त्याच दिशेनं हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. बोरूच्या जागी बटण घातलं तर माझंच वर्णन. औषधाच्या चिठ्ठीत मिलिग्रॅमचा दशांश चुकला तर काय होईल या धास्तीनं माझे खांदे आवळलेले असतात, हे मला त्या प्रकरणाबद्दल वाचेपर्यंत कुणी दाखवून दिलं नव्हतं. उभा कीबोर्ड या तिनांतल्या दुसऱ्या कारणाशी भांडतो, तेही अर्धवट: दिशा बदलतो, एकसारखेपणा नाही. बाकीच्या दोघांसाठी मी मोबाइलवर गजर लावते आणि उठून गॅलरीत जाते. लोखंडी मशीनवर ही सोय आपोआप होती. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हातानं कॅरेज ढकलायचं, पान संपलं की नवा कागद, मध्ये कार्बन. हात सारखे वेगवेगळ्या दिशांना जायचे. संगणकानं तेवढी विश्रांती काढून घेतली आणि आम्हाला वाटलं सोय झाली.

बोलून टाइप करण्याबद्दल सगळे विचारतात. फोनवर मी ते करते, निरोपासाठी. कामासाठी नाही. विम्याच्या कलमातली 'वगळणी' फोनला अजून 'वाघळणी' ऐकू येते, आणि शिवाय मला वाक्य बोटांतून सुचतं, तोंडातून नाही.

सदाशिव पेठेत डीटीपीचं काम करणारे एक जुने स्नेही आहेत. त्यांचीही मनगटं गेलीत, ते पट्टे बांधून बसतात. मी त्यांना घरी बोलावलं, खुर्चीत बसवलं, पाट दिला. ते रेमिंग्टनच्या मांडणीवाले, आणि बटणांकडे बघून टाइप करणारे. पाच मिनिटं डावीकडे वाका, उजवीकडे वाका, असं चाललं. "ताई, हे टायपिंग आहे की योगासन?" मग मी दोन्ही तुकडे स्टँडवरून काढून टेबलावर आडवे ठेवले, फक्त एकमेकांपासून लांब, खांद्याइतके. त्यांनी त्यावर आपलं नाव टाइप केलं, मग पत्ता, मग चालू कामातला अर्धा परिच्छेद, आणि म्हणाले, "उभं नको. असं फाकलेलं चालेल." त्यांनी दोन तुकड्यांचा साधा कीबोर्ड घेतला, माझ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. त्यांचं बरं चाललंय. मध्ये फोन आला होता, सहा कुठल्या तुकड्यात आहे म्हणून. त्यांच्या कीबोर्डात तो उजवीकडे निघाला.